एन्ट्रीआधी हवी खोलीची किल्ली

कॉलेजची एकांकिका गाजते, अभिनयाचं बक्षीस मिळतं, परीक्षक बाजूला घेऊन सांगतात, 'पोरी, हे सोडू नकोस.' जळगाव-धुळ्यातल्या कितीतरी जणींनी हे ऐकलेलं असतं. त्यातल्या थोड्या हिंमत करून मुंबई-पुण्याची गाडी पकडतात. वर्ष-दीड वर्षात काही जणी परत येतात आणि गाव लगेच निकाल लावतं, 'जमलं नसेल तिला.' पण मंडळी, कधी त्यांना विचारलंत? अनेकींना अभिनय जमत होता. भाडं जमत नव्हतं.

चौघींत एक खोली, कॉट बेसिसवर. डिपॉझिट आधी भरायचं. एकच आरसा, एकच चार्जिंगची जागा. घरून आणलेलं कळण्याचं पीठ आणि ठेचा पहिल्याच पंधरवड्यात फस्त. एका ऑडिशनला दोघी जातात, एकीचीच निवड होते आणि रात्री दोघी शेजारशेजारच्या कॉटवर झोपतात. तरीही प्रयोगासाठी साडी उसनी देणारी, भाडं थकलं तर आपल्या वाट्यातून भरणारी, हीच रूममेट असते.

आता हिशेब बघा. नाटकात 'नाईट' मिळते, म्हणजे प्रयोग झाला तरच पैसे. तालमीचा महिना कोरडा. प्रायोगिक नाटकात तर बहुतेक वेळा पदरमोडच. घरमालकाला मात्र एक तारखेला भाडं हवं असतं. प्रयोग रात्री साडेआठला सुरू झाला तर मेकअप उतरवून निघेपर्यंत बारा वाजतात. हॉस्टेलचं गेट केव्हाच बंद झालेलं असतं. नोकरदार महिलांच्या वसतिगृहात जावं तर तिथे सॅलरी स्लिप मागतात. नाटकवालीनं ती आणायची कुठून?

पूर्वी ही सोय होती, पण मुलींसाठी नव्हती. १९१३ साली गंधर्व नाटक मंडळी सुरू झाली. त्या काळी कंपनी म्हणजे बिऱ्हाडच असायचं. नट, वादक, आचारी सगळे एकत्र राहायचे, जेवण कंपनीचं. पण स्त्री-भूमिका पुरुषच करायचे. १९३३ साली नाट्यमन्वंतरच्या 'आंधळ्यांची शाळा'त स्त्रियांनी स्त्री-भूमिका केल्या, तोवर बोलपट आला होता आणि कंपन्यांची बिऱ्हाडं मोडू लागली होती. बाईसाठी रंगमंच खुला होत होता, तेव्हाच मुक्कामाची सोय संपत चालली होती.

गंमत म्हणजे त्याच १९१३ साली न्यूयॉर्कमध्ये 'रिहर्सल क्लब' सुरू झाला. नाटकात नशीब काढायला आलेल्या मुलींसाठी स्वस्त, सुरक्षित वसतिगृह. १९७९ पर्यंत ते चाललं. पुढे नामवंत झालेली कॅरोल बर्नेट तिथे राहिली होती. या वसतिगृहावरून सुचलेलं 'स्टेज डोअर' हे नाटक १९३६ साली रंगमंचावर आलं, पुढच्याच वर्षी त्यावर सिनेमाही निघाला. या मुलींची धडपड त्या शहराला नाटकाचा विषय वाटली. आपल्याला ती अजून 'पोरीचं खूळ' वाटते.

शिरपूरच्या घराण्यातली स्मिता पाटील आपण अभिमानानं सांगतो. सांगायलाच हवी. पण ती वाढली पुण्यात, तिला कॉट शोधावी लागली नाही. पारोळ्याच्या, साक्रीच्या मुलीचं काय?

यावर उपाय अशक्य नाही. ग्रामीण भागातल्या विद्यार्थ्यांसाठी पुण्यात विद्यार्थी साहाय्यक समिती १९५५ पासून वसतिगृहं चालवते आहे. नाट्य परिषदेच्या आपल्याकडच्या शाखा आणि मुंबई-पुण्यातली खान्देशी मंडळं एकत्र आली, तर सहा कॉटचा एक फ्लॅट नक्की उभा राहील. प्रत्येकीला दोन वर्षांची मुदत, परवडेल असं भाडं, आणि मुख्य म्हणजे रात्री उशिरा आत येण्यासाठी स्वतःची किल्ली. महोत्सवाच्या मांडवावर, सत्काराच्या शालींवर खर्च करतोच ना आपण?

आईबाबांनो, 'लोक काय म्हणतील' हे विचारण्याआधी एकदा तिच्या खोलीवर जाऊन या. रूममेट्सना भेटा, जमलं तर चौघींना पुरेल इतकी शेवभाजी करून घाला. तुमचं येणं-जाणं असलं की घरमालकही नीट वागतो.

आणि मैत्रिणींनो, निघताना टाळ्यांच्या भरवशावर निघू नका. सहा महिन्यांचं भाडं गाठीला ठेवा. भाडेकरारावर सगळ्यांची नावं घाला, एकीच्या डोक्यावर सगळं नको. सकाळचं एखादं काम धरा. त्यात कमीपणा नाही. आणि वर्षभरानं परत यावंसं वाटलं तर ताठ मानेनं या. मू. जे. महाविद्यालयात नाट्यशास्त्र शिकता येतं, राज्य नाट्य स्पर्धा जळगावच्या केंद्रावर होते. इथेही रंगमंच आहे. फक्त परतीचं तिकीट भाड्यापायी काढावं लागू नये, एवढं तरी आपण गाव म्हणून करू या.