हातात हात… पण आधी रुमाल!

परवा एका संपादकांना भेटायला गेले होते. काम फायनल झालं, त्यांनी शेकहँडसाठी हात पुढे केला आणि मी चक्क वाकून नमस्कार केला! साहेब एकदम खूश. ‘‘आजकालच्या मुलींमध्ये एवढे संस्कार!’’ संस्कार कसले डोंबलाचे? माझे तळहात घामाने थबथबले होते.

हे आजचं नाही. दहावीच्या पेपरला हाताखाली रुमाल ठेवून लिहायचे, तरी शाई पसरायचीच. मोठ्या मावशीने तर भविष्यच वर्तवलं होतं, ‘‘हिच्या पाणिग्रहणात पाणीच जास्त!’’ सगळे हसले, मीसुद्धा हसले. नंतर बाथरूममध्ये जाऊन रडले, ते मात्र कुणाला कळलं नाही.

म्हणून मैत्रिणीने गेल्या महिन्यात पेप्टाइड सीरमची बाटली दिली (‘‘अगं, बोटॉक्सच, पण सुईशिवाय!’’), तेव्हा मी जाम एक्साइट झाले. पण पडले पत्रकार. म्हटलं, आधी जरा खणून बघू.

तर भानगड अशी आहे. घामाच्या ग्रंथींना ‘सोडा पाणी’ हा निरोप अ‍ॅसिटिलकोलिन नावाचं रसायन पोचवतं. आमच्यासारख्यांचा नळ गरज नसतानाही चालूच! या आजाराचं नाव हायपरहायड्रोसिस. बोटॉक्स मज्जातंतूच्या टोकातलं स्नॅप-२५ हे प्रथिन कापतं आणि निरोप तिथेच अडकतो. काखेतल्या अति घामासाठी अमेरिकेत त्याला २००४ साली मान्यता मिळाली. पण परिणाम काही महिनेच, मग पुन्हा सुया. तळहातावर तर त्या भयंकर दुखतात.

पेप्टाइड म्हणजे अमिनो आम्लांची छोटी साखळी. सीरममधलं अ‍ॅसिटिल हेक्झापेप्टाइड-८ हे स्नॅप-२५ची नक्कल करतं. लोकलमध्ये रुमाल टाकून सीट अडवतात ना, तस्संच! आयडिया झकास, पण आत शिरणार कसं? साधारण ५०० डाल्टनपेक्षा मोठ्या रेणूला त्वचा सहसा दारातूनच परत पाठवते. हे पेप्टाइड जवळजवळ ९०० डाल्टनचं आणि तळहाताची कातडी चांगली जाड. बोटॉक्समधलं विष तर दीड लाखाचं! रेव्हान्स या अमेरिकन कंपनीने पेप्टाइडलाच हमाल बनवून ते विष जेलमधून आत न्यायचा प्रयत्न केला. काखेच्या घामावरही त्याच्या चाचण्या झाल्या. पण २०१६ साली डोळ्यांजवळच्या सुरकुत्यांवरच्या मोठ्या चाचणीत ते जेल नापास झालं आणि प्रकल्प गुंडाळला गेला.

गंमत म्हणजे बाजी मारली ती चिमुकल्या रेणूंनी. जपानने २०२३ साली खास तळहातांसाठी ऑक्सिब्युटिनिनचं लोशन मंजूर केलं. हा रेणू जेमतेम ३५७ डाल्टनचा! पेप्टाइडचाही दिवस उजाडेल कदाचित. तोवर ती बाटली ड्रेसिंग टेबलवर शोभेला.

शेवटी हिंमत करून त्वचारोगतज्ज्ञांकडे गेले. रात्री कोरड्या हातांना लावायला अ‍ॅल्युमिनियम क्लोराइड मिळालं. नाहीच जमलं तर आयन्टोफोरेसिस, म्हणजे पाण्यात हात बुडवून सौम्य करंट. जादू नाही, पण उपाय आहे. तेव्हा मंडळी, तुमचाही रुमाल सतत ओला असेल, तर लाजत बसू नका. इतकी वर्षं मी लाजण्यातच घालवली.

आणि हो, तपासताना डॉक्टरबाईंनी माझा हात हातात घेतला. नंतर त्यांनी स्वतःचा हात ओढणीला पुसला नाही. औषधाचा गुण यायला वेळ लागेल. मला मात्र तिथेच अर्धं बरं वाटलं!