‘किती देते?’

नव्या गाडीचे पेढे हातात पडले की आपल्याकडे पहिला प्रश्न येतो, ‘किती देते?’ मीही माहितीपत्रकातला आकडा ठोकून दिला होता : लिटरला १८ किलोमीटर. पण जन्मभर बँकेत दुसऱ्यांची खाती तपासलेल्या माणसाला छापील आकड्यावर झोप लागत नाही. वही केली. टाकी भरायची, किलोमीटर लिहायचे, पुढच्या वेळी पुन्हा तितकीच भरून भागाकार करायचा. मे महिन्यात पुण्यातल्या पुण्यात ४३७ किलोमीटरना ३८ लिटर पेट्रोल गेले. म्हणजे साडेअकरा!

१८चा आकडा खोटा नव्हे. ती चाचणी प्रयोगशाळेत, रोलरवर झालेली. जेमतेम वीस मिनिटांची, वेग ताशी ९०च्या आत आणि एसी बंद. तिथे कर्वे रस्ता नसतो, आणि मंडईपर्यंतच्या फेरीत धड न तापणारे इंजिनही नसते. कोल्हापूरला जाऊन आलो तेव्हा याच गाडीने १८ दिले. तेव्हा शहरातला, एसीसह आकडा विक्रेत्याने वेगळा सांगावा. कर्जाचा व्याजदर सांगून प्रक्रिया शुल्क गिळणारा अधिकारी आम्ही खपवून घेतला नसता.

वहीचा मात्र मला नाद लागला. एसीच्या बटणाकडे कुणाचा हात गेला की माझ्या कपाळाला आठ्या. एका दुपारी सौ.ला दवाखान्यातून आणत होतो. काच खाली करून ती पदराने वारा घेत होती.

“अगं, एसी लाव ना.”

“असू दे हो. तुमचे अ‍ॅव्हरेज पडेल.”

एसी मीच लावला. त्या टाकीला ११ भरले. वहीत तसेच लिहिले आहे.