एटीएममधून पैसे काढताना शंभराला बावीस का गमवायचे?



मागच्या महिन्यात आमच्या साईटवर बीडकडचा एक नवा मुलगा आला. शटरिंगचा हात चांगला, कामाला वाघ. जेवणाच्या सुट्टीत माझ्याजवळ आला आणि मोबाईल पुढे केला. म्हणाला, "दादा, बघा ना, गावाकडच्या खात्यातून पैसे जास्तच कापले जातायत. मी तर मोजून वीस पौंड काढतो."

मी मेसेज बघितले. दहा दिवसांत दहा वेळा वीस-वीस पौंड काढलेले. खोलीच्या कोपऱ्यावरच्या दुकानात मशीन आहे, तिथून. पगार व्हायला अजून तीन आठवडे होते आणि इथलं बँक खातं उघडलं नव्हतं. खात्यातले पैसे कुठले विचारलं, तर म्हणाला, आईचं गंठण गहाण ठेवून आणलेले. म्हणजे त्या पैशावर तिकडे व्याज चालू आणि इकडे मशीन कुरतडतंय.

आज लिहायला बसलो ते या मुलासाठी आणि त्याच्यासारख्या नव्याने येणाऱ्या प्रत्येकासाठी. जुन्या लोकांनीही वाचा, कारण गावी जाताना आपणही हीच चूक करतो.

आधी हिशेब करू. मी सिव्हिलचा डिप्लोमा केलेला माणूस, एस्टिमेट काढल्याशिवाय मला चैन पडत नाही. सोपं जावं म्हणून एक पौंड म्हणजे ११० रुपये धरू. प्रत्येक बँकेचे आकार वेगळे असतात, पण नमुन्याला हे घ्या: भारतातली बँक परदेशात पैसे काढण्याचे दर वेळी १५० रुपये घेते, चलन बदलण्याचे साडेतीन टक्के लावते आणि या दोन्हींवर १८ टक्के जीएसटी. दुकानातलं मशीन स्वतःचे १ पौंड ९९ पेन्स वेगळे घेतं.

वीस पौंड म्हणजे २,२०० रुपये. त्यावर मशीनचे २१९ रुपये, बँकेचे जीएसटी धरून १७७ रुपये, आणि चलन बदलाचे जीएसटीसकट साधारण १०० रुपये. झाले ४९६. शंभराला बावीस रुपयांहून जास्त! असं दहा वेळा केलं की ४,९६० रुपये गेले.

आता तेच दोनशे पौंड एकाच वेळी, स्वतःचा आकार न घेणाऱ्या मशीनमधून काढले तर? बँकेचे १७७ आणि चलन बदलाचे ९०९, मिळून १,०८६ रुपये. शंभराला पाचच्या आत. फरक ३,८७४ रुपयांचा. काढलेले पैसे तेवढेच, कार्ड तेच, माणूसही तोच.

साईटवर विटांचं वेस्टेज पाच टक्क्यांच्या वर गेलं तर इंजिनीअर मला जाब विचारतो. आपल्या स्वतःच्या पैशाचं बावीस टक्के वेस्टेज होतंय आणि विचारणारं कोणी नाही.

माझे आजोबा मुंबईला गिरणीत होते. दर महिन्याला गावी मनीऑर्डर करायचे. पोस्टाचं कमिशन शंभराला पाच रुपये. त्यात पोस्टमन घरी येऊन आजीच्या हातात पैसे मोजून द्यायचा. अख्खं कोकण त्या मनीऑर्डरवर जगलं. आजोबा त्या पाच रुपयांसाठीही कुरकुर करायचे. त्यांना शंभराला बावीस सांगितले असते तर त्यांनी मशीनला काठीच घातली असती.

आता मशीनसमोर उभं राहिल्यावर काय करायचं ते सांगतो.

पहिली गोष्ट, मशीन कुठलं ते बघा. इथे दोन प्रकारची मशीनं आहेत. एक फुकट, दुसरं पैसे घेणारं. पैसे घेणारं मशीन बऱ्याचदा लहान दुकानात, पबमध्ये, पेट्रोल पंपावर असतं. किती आकार घेणार हे त्याने तुम्हाला आधी दाखवावंच लागतं. स्क्रीनवर तो आकडा आला की रद्द करा, कार्ड परत घ्या आणि सरळ चालायला लागा. मोठ्या बँकेच्या शाखेच्या भिंतीत जे मशीन असतं ते बहुतेक वेळा स्वतःचा आकार घेत नाही. दहा मिनिटं चालावं लागलं तरी परवडतं.

दुसरी गोष्ट, आणि यातच सगळ्यात जास्त लोक फसतात. भारतातलं कार्ड घातलं की मशीन विचारतं, तुमच्या खात्यातून रुपयांत पैसे कापू का? समोर दरही दाखवतं. आपल्याला रुपया ओळखीचा, त्यामुळे बरं वाटतं आणि आपण 'अ‍ॅक्सेप्ट' दाबतो. पण तो दर मशीनवाल्याने स्वतःचा नफा घालून लावलेला असतो. तिथे नेहमी 'डिक्लाइन कन्व्हर्जन' किंवा 'विदाउट कन्व्हर्जन' दाबा. नाही म्हटलं म्हणून व्यवहार बंद पडत नाही, पैसे मिळतातच. फक्त हिशेब पौंडात होतो आणि दर व्हिसा किंवा मास्टरकार्डचा लागतो. निवड विचारणं त्यांना बंधनकारक आहे, म्हणून तर विचारतात. दुकानातल्या कार्ड मशीनवरही हाच प्रश्न येतो, तिथेही पौंडच सांगा. काही बँका तर परदेशात रुपयांत झालेल्या व्यवहारावरसुद्धा वेगळा आकार लावतात, म्हणजे दोन्हीकडून मार.

एकच नियम पाठ करा: ज्या देशात उभे आहात, त्या देशाचं चलन.

तिसरी गोष्ट, क्रेडिट कार्डाने रोख पैसे कधीही काढू नका. खरेदीला मिळते तशी मुदत रोख पैशाला नसते. काढल्या दिवसापासून व्याज सुरू होतं, वर काढण्याचा आकार वेगळा.

चौथी गोष्ट, थोडे थोडे काढू नका. दर वेळचा ठरलेला आकार वीस पौंडांना तेवढाच आणि दोनशेला तेवढाच. पण खोलीवर सहा जण राहत असाल तर सगळी रक्कम उशीखाली ठेवू नका, आठवड्याला पुरेल एवढीच काढा. आणि दूध-ब्रेडसाठी रोख लागतच नाही, कार्ड टेकवलं की झालं. तिथे फक्त चलन बदलाचा खर्च पडतो, शंभराला साधारण चार. लंडनच्या बसमध्ये तर २०१४ पासून रोख पैसे घेतच नाहीत.

गावाहून अजून निघाला नसाल तर तिथेच तीन कामं उरका. अधिकृत मनीचेंजरकडून पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरते पौंड घ्या, पावतीसकट. विमानतळावरच्या काउंटरसाठी थांबू नका, तिथे दर महाग पडतो. भारतातून निघताना ३,००० डॉलरच्या किमतीइतक्या परकीय नोटा नेता येतात, आपल्याला तेवढ्या लागतही नाहीत. दुसरं, बँकेत जाऊन किंवा अ‍ॅपमध्ये कार्डाचा परदेशी वापर चालू करून घ्या. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे २०२० पासून नवं कार्ड फक्त देशातल्या वापरासाठीच चालू असतं. नुसतं देशातलं रुपे कार्ड घेऊन आलात तर इथे मशीन ते परत देईल. आणि तिसरं, आपली बँक परदेशात काढताना किती घेते ते लेखी विचारा. आकारांचा तक्ता बँकेच्या वेबसाईटवर असतोच.

पण हे सगळं झालं मलम लावणं. खरा इलाज एकच, इथलं बँक खातं. इथल्या डेबिट कार्डावर इथल्या फुकटच्या मशीनमधून पैसे काढायला काहीच लागत नाही. ना दर वेळचा आकार, ना चलन बदल.

खातं उघडत नाही, पत्त्याचा पुरावा मागतात, ही तक्रार मी रोज ऐकतो. मला स्वतःला सुरुवातीला एका बँकेने दोनदा परत पाठवलं होतं. घर नाही म्हणून पत्ता नाही, पत्ता नाही म्हणून खातं नाही, खातं नाही म्हणून पगार अडकलेला. पुढे मला कळलं ते तुम्ही आजच कळून घ्या. इथे बेसिक बँक अकाउंट नावाचा प्रकार आहे. कायदेशीर राहणाऱ्या माणसाला ते मिळावं म्हणून देशातल्या मोठ्या नऊ बँकांवर २०१६ पासून बंधन आहे. त्यात ओव्हरड्राफ्ट नसतो आणि रोजच्या वापराला आकारही नसतो. काउंटरवर स्पष्ट शब्दांत "बेसिक बँक अकाउंट" मागा. पासपोर्ट, ई-व्हिसाचा शेअर कोड आणि मालकाचं पत्र सोबत ठेवा. कोणती कागदपत्रं चालतात ते बँकेगणिक बदलतं, म्हणून एकीने नाही म्हटलं तर दुसरीकडे जा. विनाकारण नाकारलं तर कारण लेखी मागा, बँकेकडे तक्रार करा. आठ आठवड्यांत दाद लागली नाही तर फायनान्शियल ओम्बुड्समन सर्व्हिसकडे जाता येतं, तिथे एक पेनी लागत नाही. फॉर्म भरता येत नसेल तर सिटिझन्स अ‍ॅडव्हाइसमध्ये जा.

आता हे पान ज्यासाठी आहे ते बोलतो. हा फक्त बटण दाबण्याचा प्रश्न नाही, हक्काचा पण आहे.

या देशात एकेकाळी कामगाराला पगार नाण्यांत न देता चिठ्ठीवर किंवा टोकनवर द्यायचे. ते टोकन मालकाच्याच दुकानात चालायचं आणि तिथे पीठ, साखर, चहा सगळं महाग. त्या दुकानाला टॉमी शॉप म्हणत. १८३१ मध्ये ट्रक अ‍ॅक्ट आला आणि पगार चालू नाण्यातच द्या असं बंधन घातलं. पण त्या कायद्यात ठरावीक धंदेच धरले होते. रेल्वेचे रूळ टाकणारे, बोगदे खणणारे मजूर, म्हणजे आपलेच भाऊबंद, बाहेर राहिले. त्यांना पोटात घ्यायला १८८७ उजाडावं लागलं. मग १९८६ च्या वेजेस अ‍ॅक्टने ते जुने कायदे काढून टाकले आणि अंगमेहनतीच्या कामगाराचा रोख पगार मागण्याचा हक्कही गेला. बहुतेकांचं तेव्हा अडलं नाही, कारण त्यांची खाती होती. आपलं अडतं.

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. पगार खात्यातच देणार असाल, तर ते खातं उघडून होईपर्यंतची जबाबदारी कामगारावर ढकलू नका. परदेशातून माणूस आणणाऱ्या प्रत्येक ठेकेदाराने पहिल्याच आठवड्यात पत्त्याचं आणि नोकरीचं पत्र द्यावं. बँकेत जायला अर्धा दिवस भरपगारी सोडावं. आणि पहिला पगार होईपर्यंत नोंदीसकट उचल द्यावी, पुढे पेस्लिपवर दाखवून वळती करावी. या तीन गोष्टींना मालकाला जवळजवळ काही खर्च नाही. कामगाराचे मात्र पहिल्याच महिन्यात हजारो रुपये वाचतात. जे माझ्यासारखे सुपरवायझर किंवा मुकादम आहेत, त्यांनी ऑफिसच्या मागे लागून ते पत्र काढून द्यावं. आमच्या साईटवर मी ते काम आता इंडक्शनच्या यादीत लिहून टाकलंय, हेल्मेट आणि बुटांच्या खालच्या ओळीत.

संयुक्त राष्ट्रांनी उद्दिष्ट ठेवलंय की २०३० पर्यंत घरी पैसे पाठवण्याचा खर्च तीन टक्क्यांखाली यावा. चांगली गोष्ट आहे. पण परक्या गावात स्वतःचेच पैसे काढण्यासाठी बावीस टक्के मोजणाऱ्याचा विचारही कुणीतरी करायला हवा.

एक सावधगिरी. "खातं आम्ही उघडून देतो, कार्ड आमच्याकडे राहू दे" असं कोणी एजंट म्हणाला तर पाय मागे घ्या. वेस्ट मिडलंड्समध्ये पोलंडहून आणलेल्या चारशेहून जास्त मजुरांना एका टोळीने असंच राबवलं. त्यांच्या नावाने खाती उघडली, कार्डं स्वतःकडे ठेवली आणि पगार परस्पर काढले. २०१९ मध्ये त्या टोळीला शिक्षा झाल्याचं जगासमोर आलं. कार्ड आणि पिन आपल्याच खिशात आणि डोक्यात राहिले पाहिजेत. कोणी हिसकावले असतील तर मॉडर्न स्लेव्हरी हेल्पलाईनला फोन करा, ०८००० १२१ ७००. फोन फुकट आहे.

जुन्या मंडळींसाठी दोन शब्द. गणपतीला किंवा दिवाळीला गावी गेल्यावर इथलं कार्ड तिथल्या मशीनमध्ये घातलं की तोच खेळ उलटा होतो. तिथे मशीन पौंडात कापू का विचारेल, तुम्ही रुपयेच सांगा. त्याहून बरं म्हणजे एनआरई खातं ठेवा, आधीच पैसे पाठवा आणि तिथल्याच कार्डाने काढा. परदेशी नोकरीला आल्यावर गावचं साधं बचत खातं तसंच चालवणं नियमात बसत नाही, ते एनआरओ करून घ्यावं लागतं, हेही लक्षात असू द्या.

बीडच्या त्या मुलाला आम्ही शुक्रवारी पत्र काढून दिलं. पुढच्या मंगळवारी तो बँकेत जाऊन आला, खातं उघडलं. संध्याकाळी त्याने आईला फोन लावला तेव्हा मी शेजारीच होतो. खात्याचं काही बोलला नाही. एवढंच म्हणाला, "आई, पुढच्या महिन्यापासून गंठणाचा हप्ता मी पाठवतो."

तुमच्या खोलीवर या आठवड्यात कोणी नवा आला असेल तर आज रात्री जेवताना त्याला विचारा, पैसे कुठून काढतोस आणि कुठलं बटण दाबतोस. आणि उद्या त्याच्यासोबत बँकेपर्यंत चालत जा.