रापलेल्या चेहऱ्याचं कौतुक पुरे

मे महिन्यात मालवणला येणाऱ्या पर्यटकांना माझ्या आईचा फोटो काढायचा असतो. ती किनाऱ्यावर खारे बांगडे वाळत घालत असते. डोक्यावर पदर, उन्हामुळे बारीक झालेले डोळे, गालांवर वांगाचे काळे डाग. "काय चेहरा आहे!" म्हणत कॅमेरे पुढे होतात. नंतर तो फोटो इन्स्टावर दिसतो आणि खाली ओळ असते, 'समुद्रानं कोरलेल्या रेषा'.

बोट वर सरकवलं की पुढच्याच रीलमध्ये वीस-बावीस वर्षांची मुलगी अँटी-एजिंग सीरमचे फायदे सांगत असते.

माझं भांडण दोघांशी आहे. एकाला माझ्या आईच्या सुरकुत्या विकत न घेता मिरवायच्या आहेत, दुसऱ्याला त्यांची भीती विकायची आहे. त्या सुरकुत्या आल्या कुठून, हे दोघंही विचारत नाहीत.

समुद्रानं काही कोरलेलं नाही. उन्हानं जाळलेलं आहे.

खात्री करायला प्रयोगशाळा नको. आईच्या दंडाची आतली बाजू बघा आणि मग मनगट बघा. बाई एकच, वय एकच. आतली कातडी मऊ, एकसारख्या रंगाची; मनगटावरची जाड, सुरकुतलेली, डागाळलेली. आतल्या बाजूला दिसतं ते वय. मनगटावर दिसतं ते वय अधिक ऊन. उन्हातले यूव्हीबी किरण कातडी भाजतात, ते आपल्याला कळतं. यूव्हीए किरण मात्र गुपचूप खोल जातात आणि कातडीला ताठ ठेवणारं कोलॅजन तोडत राहतात. ते ढगांतून येतात, काचेतूनही येतात. २०१२ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये एका ट्रकचालकाचा फोटो छापून आला होता. २८ वर्षं खिडकीतून ऊन खाल्लेली चेहऱ्याची डावी बाजू उजवीपेक्षा कितीतरी म्हातारी दिसत होती.

"पण आपण सावळे, आपल्याला ऊन बाधत नाही." हे अर्धं खरं आहे. मेलॅनिन आपल्याला बरंच वाचवतं. त्वचेचा कर्करोग आपल्याकडे गोऱ्यांच्या मानानं कमी होतो, सुरकुत्याही उशिरा पडतात. पण आपल्या कातडीवर उन्हाची पहिली खूण सुरकुती नसते, डाग असतो. वांग उन्हानं वाढतो. डोळ्यांतला मोतीबिंदूही ऊन लवकर आणू शकतं, आणि तिथं सावळेपणाची मदत होत नाही.

आता या डागांवर बाजारानं काय दिलं ते सांगते. फेअर अँड लव्हली १९७५ साली आली. २०२० साली तिचं नाव बदलून ग्लो अँड लव्हली झालं. म्हणजे पंचेचाळीस वर्षं आम्हाला सांगितलं गेलं की अडचण उन्हाची नाही, तुमच्या रंगाची आहे. आईनं ते ऐकलं. शेजारणीनं सांगितलेली एक ट्यूब तिनं औषधाच्या दुकानातून आणली. चिठ्ठी कुणी मागितली नाही. महिनाभरात डाग फिके झाले, वाडीत कौतुक झालं. सहा महिन्यांनी कातडी इतकी पातळ झाली की गालांवरच्या लाल शिरा दिसू लागल्या. उन्हात गेलं की आग, ट्यूब थांबवली की त्याहून जास्त आग. तिच्यात स्टेरॉइड होतं. २०१८ साली सरकारनं अशी चौदा स्टेरॉइड मलमं चिठ्ठीशिवाय विकायला बंदी केली. तुमच्या घरात डाग घालवणारी ट्यूब असेल तर तिच्यावरची बारीक अक्षरं आज वाचा. स्टेरॉइड असेल तर स्वतःहून एकदम बंद करू नका, त्वचेच्या डॉक्टरांना दाखवा.

मग उपाय सनस्क्रीन? हो, ते खरंच उपयोगी पडतं. ऑस्ट्रेलियात ९०३ माणसांवर साडेचार वर्षं चाललेल्या अभ्यासात रोज सनस्क्रीन लावणाऱ्यांची कातडी मोजता येईल इतकी म्हातारी झाली नाही. तो अभ्यास मुख्यतः गोऱ्यांचा होता, हे लक्षात ठेवूनही मी ते रोज लावते. एसपीएफ ३० किंवा जास्त, शिवाय यूव्हीएसाठी पीए+++ बघून. वांग असेल तर रंग मिसळलेलं, आयर्न ऑक्साइडवालं बरं. कारण नुसत्या उजेडानंही वांग गडद होतो.

पण मी पुण्यात ऑफिसात बसते. आईचा हिशेब करू. चेहरा आणि मानेला एका वेळी साधारण एक ग्रॅम लागतं. उन्हात काम, त्यात घाम. दर दोन तासांनी पुन्हा लावायचं. दिवसातून तीनदाच धरलं तरी ५० ग्रॅमची ट्यूब सतरा दिवसांत संपते. ट्यूब चारशेची असेल तर महिन्याला सातशे रुपये, तेही हात-पाय सोडून. मी तिला ट्यूब दिली तेव्हा ती हसली. "ह्या वयात माका काय लगीन करूचा आसा गो?"

हा बाजाराचा सगळ्यात मोठा विजय. कातडी जपणं म्हणजे लग्नासाठी नटणं, हे त्यानं आईच्याही डोक्यात पक्कं बसवलं. बोटीवरच्या माणसाला कुणी लाइफ जॅकेट म्हणजे नखरा असं म्हणत नाही. मग उन्हात राबणाऱ्या बाईची सावली नखरा कशी?

"आमच्या आज्यांनी कुठं काय लावलं?" लावलं ना. थंडीत टाचांच्या भेगांना कोकमाचं मुठेल लावलं. मुठेल ऊन अडवत नाही, पण कातडीतला ओलावा धरून ठेवतं. आणि माझी आजी दुपारी माडाखाली बसायची. आज त्या माडांच्या जागी पार्किंग आहे.

म्हणून माझी मागणी सीरमची नाही, सावलीची आहे. मासळीचा लिलाव होतो तिथं छप्पर. मासे वाळवायला उंच, झाकलेले मांडव. त्यानं मासळीही वाळूपासून वाचेल. स्कूबाच्या बोटीवर दिवसभर उघड्या अंगानं उभ्या राहणाऱ्या माझ्या भावाच्या वयाच्या पोरांना मालकाकडून पूर्ण बाह्यांचे शर्ट आणि रुंद काठाच्या टोप्या. तोवर एक फुकटची खूण: सावली तुमच्या उंचीपेक्षा आखूड असेल तर ऊन कडक आहे, आडोसा शोधा. आणि एखादी जखम महिनाभर भरली नाही, तर वाट बघू नका.

आई म्हातारी होणार, मीही होणार. त्याला माझा विरोध नाही. साठाव्या वर्षी साठीचं दिसण्यात लाज कसली? पण आई पन्नाशीतच सत्तरीची दिसते, आणि ती मधली वीस वर्षं तिच्या वयाची नाहीत, तिच्या कामाच्या जागेची आहेत.

पुढच्या मे महिन्यात याल तेव्हा फोटो जरूर काढा. आधी तिला विचारा. आणि खाली ओळ लिहायची असेल तर समुद्राला मध्ये आणू नका. एवढंच लिहा: इथं छप्पर नाही.