टाचेतला एक थेंब आणि ‘गुणवत्ते’ची बोंब

दरवर्षी नीटचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत फ्लेक्स लागतात. क्लासवाल्यांचे, पुढाऱ्यांचे, भावी डॉक्टरांचे. आणि त्याच आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर तोच जुना मेसेज फिरू लागतो: आमच्या मुलाला इतके मार्क असून सीट नाही, ‘त्यांना’ कमी मार्कांवर मिळते, गुणवत्तेचा खून झाला. मित्रांनो, या मेसेजला आपण आजवर संविधानाची कलमं सांगून उत्तर दिलं. ते बरोबरच आहे. आज उत्तर वैद्यकशास्त्रातून देतो, कारण सगळी बोंब त्याच शास्त्राच्या सीटसाठी चाललेली असते.

माणसाच्या गळ्यात पुढच्या बाजूला फुलपाखराच्या आकाराची थायरॉइड ग्रंथी असते. तिच्यातून येणारं हार्मोन मिळालं नाही तर बाळाच्या मेंदूची वाढ खुंटते. काही बाळं ही ग्रंथी नसताना किंवा ती नीट काम करत नसतानाच जन्माला येतात. याला जन्मजात हायपोथायरॉइडिझम म्हणतात. फसवी गोष्ट अशी की जन्मताना बाळ धडधाकट दिसतं, कारण पोटात असताना आईचं हार्मोन थोडंफार त्याच्यापर्यंत पोहोचलेलं असतं. मग हळूहळू कावीळ लांबते, शी कडक होते, रडण्याचा आवाज घोगरा येतो, बेंबी फुगते. बाळ कमी रडतं, जास्त झोपतं. घरचे कौतुक करतात, किती गुणी लेकरू, आईला त्रासच देत नाही! त्या गुणी लेकराचा मेंदू आतून उपाशी असतो.

याला उपाय आहे आणि तो स्वस्त आहे. लेव्होथायरॉक्सिनची गोळी चुरून, आईच्या दुधात कालवून रोज द्यायची. पहिल्या दोन आठवड्यांत सुरू केली तर बहुतेक मुलं इतरांसारखीच शाळेत जातात, शिकतात. काही महिने उशीर झाला तर गेलेलं परत येत नाही. आजार ओळखायचा कसा? जन्मानंतर दोन-तीन दिवसांनी टाचेला सुई टोचून फिल्टर पेपरवर रक्ताचा थेंब घ्यायचा, किंवा बाळंतपणातच नाळेतलं रक्त घ्यायचं, आणि टीएसएच तपासायचं. श्रीमंत देशांत ही तपासणी १९७० च्या दशकापासून सुरू झाली. आज तिथे ती नेहमीचीच बाब आहे.

आपल्याकडे? भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने, म्हणजे आयसीएमआरने, २००७ ते २०१२ या काळात पाच शहरांत एक लाखाहून जास्त नवजात बाळं तपासली. साधारण ११३० बाळांमागे एकाला हा आजार निघाला. पाश्चात्त्य देशांत सर्वसाधारणपणे दोन ते चार हजारांत एक धरतात. म्हणजे आपल्याकडे प्रमाण जास्त. आता आपल्या जिल्ह्यांचा हिशेब करा. २०११ च्या जनगणनेत नांदेडची लोकसंख्या ३३ लाख ६१ हजार, लातूरची २४ लाख ५४ हजार. महाराष्ट्राचा जन्मदर हजारी १५ च्या आसपास धरला तर दोन्ही जिल्ह्यांत मिळून वर्षाला ८७ हजार जन्म होतात. आयसीएमआरचं प्रमाण लावलं तर दरवर्षी ७५ ते ८० बाळं. एका शाळेचे दोन वर्ग भरतील इतकी.

हा आजार जात पाहून होत नाही. तपासणी मात्र खिसा पाहून होते, आणि मराठवाड्यात कोणाच्या खिशात काय आहे ते जातीने ठरवून ठेवलं आहे. मोठ्या खासगी हॉस्पिटलात बाळंतपण झालं की ‘न्यूबॉर्न स्क्रीनिंग’ बिलातच येतं. मुखेड-कंधारच्या ग्रामीण रुग्णालयात, किनवट-माहूरच्या तांड्या-पाड्यांवर, ऊसतोडीच्या कोपीवर जन्मलेल्या लेकराची टाच कोण टोचणार?

देशात प्रत्येक बाळाची ही तपासणी झालीच पाहिजे असं बंधन घालणारा राष्ट्रीय कार्यक्रम नाही. ६ फेब्रुवारी २०१३ रोजी आपल्याच राज्यात, पालघरमध्ये, राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं उद्‌घाटन झालं. जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांचे ३० आजार तेव्हा त्याच्या यादीत होते. त्या यादीत जन्मजात हायपोथायरॉइडिझम, सिकलसेल आणि थॅलसेमिया यांच्यापुढे एक शब्द लिहिला: ऐच्छिक. सिकलसेल प्रामुख्याने कोणाच्या रक्तात आहे हे विदर्भातल्या बौद्ध आणि आदिवासी वस्त्यांना विचारा. त्याच्यासाठी २०२३ मध्ये वेगळी राष्ट्रीय मोहीम तरी आली. थायरॉइडला अजून वाली नाही. इच्छा कोणाची हेही कुठे स्पष्ट नाही. तीन दिवसांच्या बाळाची तर नसावी.

त्या बाळाचं पुढे काय होतं ते आपण वस्तीत पाहिलेलं आहे. चालायला उशीर, बोलायला उशीर. शाळेत गुरुजी ‘मठ्ठ’ म्हणतात. गावातलं कोणीतरी पूर्वजन्मीचं पाप काढतं, कोणी देवीला नेतं. दहा वर्षांनी बाप रोज बुडवून अपंगत्वाच्या दाखल्यासाठी खेटे घालतो, कारण ४० टक्के भरले तरच सवलत. मग संजय गांधी निराधार योजनेचा अर्ज, तलाठ्याची सही, बँकेची रांग. जे सरकार एका थेंबाचा खर्च ऐच्छिक ठरवतं तेच पुढे आयुष्यभर अनुदान देतं आणि त्याला कल्याणकारी योजना म्हणतं.

मनुवादी व्यवस्थेला हे फार सोयीचं आहे. अंगात हार्मोन कमी असलेला माणूस बाहेरून कसा दिसतो? सुस्त, थकलेला, उशिरा समजणारा. आपल्या समाजाला हजारो वर्षं हीच विशेषणं चिकटवली गेली. प्रयोगशाळा ज्याला कमतरता म्हणते त्याला जातव्यवस्था स्वभाव म्हणते, आणि स्वभावाला औषध नसतं.

हेच बायकांच्या बाबतीत बघा. बाळंतपणात फार रक्त गेलं तर मेंदूच्या तळाशी असलेली पिट्युटरी ग्रंथी करपते. याला शीहान सिंड्रोम म्हणतात. बाईला दूध येत नाही, पाळी परत येत नाही, थंडी वाजते, हातपाय उचलत नाहीत. ही ग्रंथी थायरॉइडलाही हुकूम देते, त्यामुळे तीही मंदावते. सासर म्हणतं, आळशी आहे, नाहीतर बाहेरचं काही लागलंय. श्रीनगरच्या डॉक्टरांनी काश्मीर खोऱ्यात जाऊन हे मोजलं आणि २००५ मध्ये प्रसिद्ध केलं: वीस वर्षांवरच्या, मूल झालेल्या बायकांत जवळपास ३ टक्के. त्यातल्या बहुतेकींची बाळंतपणं घरी झालेली होती. मोजलं म्हणून दिसलं.

मराठवाड्यात कोण मोजतं? आयसीएमआरच्या पाच शहरांत मुंबई होती आणि हैदराबादही. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या थायरॉइडच्या आठ शहरांच्या अभ्यासातही दोन्ही होती. त्या अभ्यासात सुमारे ११ टक्के प्रौढांना हायपोथायरॉइडिझम निघाला. नांदेड-लातूर या दोन शहरांच्या मधोमध आहे. आपला पेशंट उपचारासाठी हैदराबाद गाठतो, मुंबई गाठतो, पण संशोधकाच्या नकाशावर मधला भाग कोराच. विष्णुपुरीला डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आहे. दोन्हीकडे एमडीचे विद्यार्थी दरवर्षी प्रबंध लिहितात. आपल्या प्रसूतिगृहात जन्मणाऱ्या प्रत्येक बाळाच्या नाळेतलं रक्त तपासा, यापेक्षा उपयोगी विषय कोणता? लातूर पॅटर्नने देशाला एवढे डॉक्टर पुरवले. त्यातल्या आपल्या पोरांनी तरी हा विषय मागून घ्यावा.

यावर ठरलेलं उत्तर येईल: आधी बाळं जगवू द्या, थायरॉइडचं नंतर बघू. ऑक्टोबर २०२३ मध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यात १२ नवजात बाळं होती. त्यानंतर खासदाराने काय केलं? अधिष्ठात्यांच्या हातात झाडू देऊन संडास साफ करायला लावला. ते अधिष्ठाता आदिवासी समाजाचे. अ‍ॅट्रॉसिटीचा गुन्हा नोंदवावा लागला. औषधं, खाटा, नर्स यांचा प्रश्न राहिला बाजूला. तेव्हा ‘आधी जगवू द्या’ हे ज्यांनी जगवलं नाही त्यांनी सांगू नये. शिवाय दोन्ही गोष्टी वेगळ्या नाहीत. त्याच आयसीएमआर अभ्यासात अ‍ॅड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजारही तपासला होता. त्याच्या तीव्र प्रकारात शरीरातलं मीठ वाहून जातं आणि बाळ दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात दगावतं. घरचे म्हणतात, उलट्यांनी गेलं. तोही टाचेतल्या थेंबातच सापडतो.

पैसा नाही म्हणावं तर गोव्याने २००८ मध्येच सरकारी पातळीवर नवजात तपासणी सुरू केली होती. केरळच्या सरकारी रुग्णालयांत ती होते. महाराष्ट्र या दोघांपेक्षा गरीब आहे काय?

१९२८ साली मुंबई विधिमंडळात प्रसूती लाभ विधेयकावर बोलताना बाबासाहेबांनी भूमिका घेतली की बाळंतीण कामगार बाईच्या विश्रांतीत सगळ्या राष्ट्राचं हित आहे आणि तिचा भार मुख्यतः सरकारने उचलला पाहिजे. पुढे संविधानाच्या ४७ व्या कलमात सार्वजनिक आरोग्य सुधारणं हे राज्याचं कर्तव्य म्हणून आलं. कर्तव्य, ऐच्छिक नव्हे.

आता थोडं आपल्याबद्दल. विद्यापीठाच्या नावासाठी याच नांदेडच्या भूमीत पोचिराम कांबळे आणि गौतम वाघमारे यांनी जीव दिले. शिक्षणाचं मोल आपल्याला कोणी शिकवायला नको. तरी आपल्या निवेदनांत स्कॉलरशिप असते, वसतिगृह असतं, आरक्षण असतं. प्रसूतिगृह कधी नसतं. १४ एप्रिलला आपण रक्तदान शिबिरं घेतो, फार चांगलं करतो. यंदा त्याच मंडपातल्या टेबलावर माहिती अधिकाराचे अर्ज ठेवा. फी दहा रुपये, दारिद्र्यरेषेखालच्यांना तीही नाही. आपल्या तालुक्याच्या रुग्णालयाला विचारा: गेल्या वर्षी तुमच्याकडे किती बाळं जन्मली? त्यांपैकी किती जणांची टीएसएच तपासणी झाली? किती जणांत दोष निघाला आणि कितव्या दिवशी गोळी सुरू झाली? आज तुमच्या औषध भांडारात लेव्होथायरॉक्सिनच्या किती गोळ्या आहेत? तीस दिवसांत उत्तर द्यावं लागतं. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर ‘निरंक’ आलं तर तो कागद घेऊन थेट जिल्हाधिकारी कचेरीसमोर बसू.

जय भीम.