आईची साक्ष आणि डीएनए

ऑगस्ट १९५५. शिकागोचा १४ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा एमेट टिल मिसिसिपीत नातेवाइकांकडे गेला. गोऱ्या दुकानदार बाईची छेड काढल्याचा ठपका ठेवून त्याला घरातून उचलून नेले, ठार मारले आणि गळ्याला कापसाच्या जिनिंगचा अवजड पंखा बांधून नदीत फेकले. बोटात बापाची अंगठी होती. आई मॅमी टिलने मुलगा ओळखला आणि शवपेटी उघडी ठेवून जगाला तो चेहरा दाखवला.

कोर्टात मात्र बचाव झाला की, हे प्रेत एमेटचे नव्हेच! खुद्द शेरीफने आरोपींच्या बाजूने तशी साक्ष दिली. बारा गोऱ्या ज्युरींनी तासाभरात दोघांना निर्दोष सोडले. १९५६ मध्ये त्याच दोघांनी पैसे घेऊन एका मासिकाला खुनाची कबुली दिली!

तेव्हा शवविच्छेदनही झाले नव्हते. अखेर २००४ मध्ये चौकशी पुन्हा सुरू झाली आणि २००५ मध्ये कबर उकरण्यात आली. नातेवाइकाशी डीएनए जुळला. प्रेत एमेटचेच होते. तोवर दोन्ही मारेकरी मेले होते; आईही २००३ मध्ये गेली होती.

मग विज्ञान निरुपयोगी ठरले काय? मुळीच नाही. त्याने खोट्या बचावाचा मुखवटा कायमचा फाडला. पण १९५५ मध्ये उणीव पुराव्याची नव्हती, कृष्णवर्णीय आईचा शब्द ग्राह्य धरण्याच्या दानतीची होती. ती दानत कोणत्याही प्रयोगशाळेत तयार होत नाही. शोषितांच्या प्रेताचा पंचनामा आणि शवविच्छेदन त्याच दिवशी चोख झाले पाहिजे. पन्नास वर्षांनी मिळालेल्या सत्याला न्याय म्हणता येत नाही.