बार्सिलोना, उन्हाळा टाळून

बार्सिलोनाला तीनच दिवस जायचे असेल, तर जुलै-ऑगस्ट टाळावेत, असे आमचे ठाम मत आहे. २०२४च्या जुलैत तिथल्या काही आंदोलकांनी पर्यटकांवर पाण्याच्या पिचकाऱ्या उडवल्या. घरभाडी आवाक्याबाहेर गेल्याचा तो संताप होता आणि तो रास्तच म्हणावा लागेल. पर्यटकांना दिल्या जाणाऱ्या सुमारे १०,००० सदनिकांचे परवाने २०२८च्या अखेरीपर्यंत संपवण्याचे महापालिकेने जाहीर केले आहे. उन्हाळ्याऐवजी हिवाळ्यात गेल्यास समुद्रात पोहता येत नाही, हा आक्षेप खराच. पण तिथले बरेचसे किनारे १९९२च्या ऑलिंपिकच्या निमित्ताने घडवलेले आहेत. शहराचा खरा ऐवज नगररचनाकार सेर्दाच्या १८५९च्या आराखड्यातल्या, कोपरे तिरके छाटलेल्या चौकांत आहे, आणि फेब्रुवारीच्या कोवळ्या उन्हात तिथे निवांत हिंडता येते. सदनिकांवरून असलेला रोष पाहता मुक्काम मात्र हॉटेलातच करावा. सग्रादा फमिलिया या चर्चचे तिकीट घरून निघण्यापूर्वीच काढावे.